तपासणी झाली, आता दुखण्याचे काय?

(सिंदेवाही येथे शिक्षक, पालक आणि आरोग्य कर्मचारी यांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



शालेय आरोग्य हा विषय निघाला की आपल्याकडे नखे, दात, केस आणि हात धुणे यांवर चार शब्द सांगण्याचा प्रघात आहे. त्या गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पण आज मी त्यांवर बोलणार नाही. आज मला बोलावयाचे आहे ते पुन्हा पुन्हा दुखणे उद्भवणाऱ्या मुलांविषयी. सोमवारी वर्गात नीट बसलेला, बुधवारी गुडघे पोटाशी घेऊन कण्हणारा आणि शनिवारी पुन्हा मैदानावर दिसणारा मुलगा आपल्यापैकी प्रत्येक शिक्षकाने पाहिला आहे. त्याच्याविषयी शाळेत काय बोलले जाते तेही आपणांस ठाऊक आहे. ‘सोंग करतो’, ‘अभ्यास नको म्हणून पोट दुखते’, ‘काल तर उड्या मारीत होता’. हे उद्गार दुष्टपणाने काढलेले असतात असे मी म्हणत नाही. ताप तापमापकात दिसतो, जखमेतून रक्त येते. दुखणे मात्र दुखणाऱ्याच्या सांगण्याखेरीज दुसरीकडे कोठे दिसत नाही. आणि मुलाचे सांगणे हा पुरावा मानण्याची सवय आपल्या शाळांना अद्याप लागलेली नाही. प्रश्नाचे मूळ येथे आहे.

वारंवार होणारे दुखणे ही दुर्मिळ बाब आहे असे कोणी समजू नये. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे जॉन अॅपली आणि नोरा नेश या डॉक्टरांनी १९५८ साली एक हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीन महिन्यांच्या काळात निदान तीनदा, नित्याचे व्यवहार बंद पडावेत इतके पोट दुखणारी मुले त्यांना दहांत एक या प्रमाणात आढळली. त्यांतील बहुतेकांच्या पोटात कोणताही रोग सापडला नाही. तरीही त्यांचे दुखणे खोटे नव्हते. डोकेदुखीची गोष्ट अशीच आहे. मुलींच्या बाबतीत पाळीचे दुखणे आहे. दर महिन्याला एकदोन दिवस मुलगी शाळेत येत नाही, हजेरीपटावर खाडा पडतो, कारण विचारले जात नाही आणि सांगितलेही जात नाही. या सर्व मुलामुलींना शाळेकडून फार मोठे काही नको असते. कोणी तरी विश्वासाने ऐकून घ्यावे, घटकाभर निजण्यास जागा मिळावी, गरम पाण्याची पिशवी मिळावी, दुखणे ओसरताच पुन्हा वर्गात बसता यावे, इतकेच हवे असते. ज्या दुखण्यामागे रोग सापडत नाही, त्यात मुलाला आठवडेच्या आठवडे घरी ठेवल्याने अपायच होतो. शाळेत परतणे हा त्या उपचाराचाच भाग असतो.

परंतु आपल्या या भागात, म्हणजे चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्टीत, वारंवार होणाऱ्या दुखण्याला आणखी एक नाव आहे, आणि ते नाव माहीत नसणे मुलाच्या जिवावर बेतू शकते. ते नाव सिकलसेल.

हा रोग काय आहे ते थोडक्यात सांगतो. रक्तातील तांबड्या पेशी गोल आणि लवचीक असतात. सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांतूनही त्या अंग मुडपून निघून जातात. त्यांच्यातील हिमोग्लोबिन या द्रव्याच्या साखळीत सहाव्या जागी एक घटक बदललेला असला, की प्राणवायू कमी होताच या पेशी ताठ होतात आणि विळ्यासारख्या वाकतात. त्या बारीक वाहिन्यांत अडकतात. पुढे रक्त जात नाही, आणि जेथे रक्त जात नाही तेथे हाड, सांधा, छाती, पोट असह्य ठणकू लागते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही पेशी दहा ते वीस दिवसांत फुटते. त्यामुळे रक्त सतत कमी पडते, डोळे पिवळे दिसतात आणि घरचे लोक कावीळ समजून झाडपाला देत राहतात. वाढ खुंटते, बारा वर्षांची मुलगी आठ वर्षांची दिसते.

वैद्यकीय वाङ्मयात या रोगाचा पहिला वृत्तान्त १९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी लिहिला. ज्याच्या रक्तात या विळ्यासारख्या पेशी दिसल्या तो वॉल्टर क्लेमेंट नोएल हा ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकण्यासाठी आलेला एक विद्यार्थी होता. म्हणजे या रोगाचा पहिला नोंदलेला रुग्ण विद्यार्थीच होता, हे आपण लक्षात ठेवण्याजोगे आहे. दुखणी सोसत त्याने शिक्षण पुरे केले, मायदेशी जाऊन व्यवसाय केला आणि १९१६ साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्याचा अंत झाला.

भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये ही पेशी प्रथम आढळली. १९५८ साली नागपूरच्या शुक्ल आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील आढळ ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडला. १९८२ साली चंद्रपूरमधून गडचिरोली हा वेगळा जिल्हा निघाला, आणि त्याच दशकात ‘सर्च’ या संस्थेच्या डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी केलेल्या पाहणीतून तेथील सिकलसेलचे दर्शन घडले. आज आपणांस ठाऊक आहे की पूर्व विदर्भात गोंड, माडिया, परधान या आदिवासी जमातींत आणि पूर्वाश्रमीच्या महार समाजातही हा दोष मोठ्या प्रमाणावर आहे. इतर समाजही त्यातून सर्वस्वी सुटलेले नाहीत.

हा दोष याच लोकांत का, या प्रश्नाला शास्त्राने दिलेले उत्तर आपण प्रत्येक शाळेत सांगितले पाहिजे. १९५४ साली अँथनी अॅलिसन या शास्त्रज्ञाने पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवून दिले की ज्याला हा दोष एकाच पालकाकडून आला आहे, म्हणजे जो केवळ वाहक आहे, त्याचे मलेरियाच्या घातक प्रकारापासून बऱ्याच अंशी रक्षण होते. मलेरियाच्या जंगलात पिढ्यान्पिढ्या जे तगले, त्यांच्या रक्ताने तगण्याची दिलेली ही किंमत आहे. यात कोणाचे पाप नाही, करणी नाही आणि कोणत्याही जातीला कमीपणा नाही. वाहक स्वतः आजारी नसतो. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारांत एक, वाहक होण्याची चारांत दोन आणि पूर्ण निर्दोष होण्याची चारांत एक असते. दोष आईबापांकडून सारखाच येतो. तरीही बोल मात्र सुनेलाच लागतो, हा आपल्या समाजाचा जुना न्याय आहे.

आता शाळेकडे वळू. सिकलसेलच्या मुलाचे दुखणे कशाने उसळते? अंगातील पाणी कमी झाल्याने, थंडीने, अतिश्रमाने, तापाने, मलेरियासारख्या संसर्गाने. ही यादी हातात घेऊन आपल्या शाळांचा आणि वसतिगृहांचा दिनक्रम तपासा. मार्च-एप्रिलमध्ये मुले पहाटे मोह वेचून शाळेत येतात, मे महिन्यात तेंदूपत्त्यावर जातात, आणि या जिल्ह्यात उन्हाळ्याचा पारा पंचेचाळीस अंशांच्या वर चढतो. पावसाळ्यात रोवणीला चिखलात उभे राहावे लागते. आश्रमशाळेत हिवाळ्याच्या पहाटे थंड पाण्याने स्नान, मग कवायत. वर्गात पाण्याची बाटली ठेवण्यास मनाई, लघवीला जाण्यास तासाच्या मध्ये मनाई. सिकलसेलच्या मुलाचे मूत्रपिंड लघवी घट्ट करू शकत नाही. त्याला अधिक पाणी प्यावे लागते आणि वरचेवर बाहेर जावे लागते. रात्री अंथरूण ओले होते ते याच कारणाने. त्या अंथरुणावरून त्याची वसतिगृहात टिंगल होते, मग तो संध्याकाळनंतर पाणी पिणे सोडतो आणि दोन दिवसांनी दुखण्याने तळमळतो. रोगाचा दोष जन्माचा आहे. हे तळमळणे मात्र आपल्या नियमांनी त्याच्यावर लादलेले आहे.

मित्रहो, मुलांची वैद्यकीय तपासणी करावी ही कल्पना आपल्या देशात नवी नाही. १९०९ साली बडोदा शहरात शाळकरी मुलांची तपासणी झाली. १९४६ साली भोर समितीने शालेय आरोग्य सेवा देशात जवळजवळ नाहीच, असा निर्वाळा दिला. १९६० साली रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्य समिती नेमली गेली आणि पुढच्या वर्षी तिचा अहवाल आला. २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका यांचे फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत वर्षातून एकदा जाते. २०२० साली प्रत्येक शाळेत दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्याची योजना निघाली. महाराष्ट्रात सिकलसेल नियंत्रणाचा कार्यक्रम त्याआधीपासून चालू होताच. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाची घोषणा झाली. सतरा राज्यांतील सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, अशी त्याची उद्दिष्टे आहेत.

या कार्याला मी कमी लेखीत नाही. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेणारी आशाताई आणि परिचारिका उन्हापावसात किती पायपीट करते हे आपण पाहतो. पण मोजमाप कशाचे होते आहे ते पाहा. किती तपासले, किती वाहक, किती रुग्ण, किती कार्डे वाटली. कार्ड हातात पडल्यानंतर त्या मुलाची किती दुखणी टळली, त्याचे शाळेचे किती दिवस वाचले, दुखणे उठले तेव्हा किती वेळात त्याला औषध मिळाले, हे कोणत्या रकान्यात लिहिले जाते? वर्षातून एकदा येणारे पथक मुलाला शोधून काढते. दुखणे मात्र पथकाच्या दौऱ्याची तारीख पाहून येत नाही. ते पौषातल्या रात्री दोन वाजता वसतिगृहात येते, आणि त्या वेळी तेथे असतो तो एकटा अधीक्षक आणि कुलूप लावलेली प्रथमोपचाराची पेटी.

हा वाद पूर्वीही झालेला आहे. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड या गिरणगावात मार्गारेट मॅकमिलन या समाजवादी कार्यकर्तीने डॉ. जेम्स केर यांच्यासह १८९९ साली शाळकरी मुलांची तपासणी घडवून आणली. १९०७ साली तेथे तपासणी कायद्याने सक्तीची झाली. तेव्हा पुष्कळांना वाटले, काम झाले. मॅकमिलनबाईंना तसे वाटले नाही. गरिबाच्या मुलाच्या अंगातील दोषांची यादी करून ती कपाटात ठेवल्याने मूल बरे होत नाही, हे ओळखून त्यांनी शाळेला जोडलेले दवाखाने उभे करण्याचा आग्रह धरला. १९१० साली लंडनच्या डेप्टफर्ड वस्तीत त्यांनी असा दवाखाना चालविला. शोधणे आणि सांभाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून दिले. आपण अजून पहिल्याच गोष्टीपाशी उभे आहोत.

तर मग सांभाळणे म्हणजे काय? मी पाच गोष्टी सांगतो. त्यांतील एकही अशक्य नाही.

पहिली गोष्ट माणसाची. प्रत्येक निवासी शाळेत रात्रंदिवस उपलब्ध असणारी प्रशिक्षित परिचारिका हवी, आणि बिगरनिवासी शाळांच्या प्रत्येक समूहासाठी ठरलेल्या दिवशी येणारी हवी. आश्रमशाळांतील मुलांच्या मृत्यूंचा विचार करण्यासाठी २०१६ साली डॉ. सुभाष साळुंखे यांची समिती नेमावी लागली, यातच निवासी शाळेत आरोग्याची जबाबदारी कोणाची हा प्रश्न किती गंभीर आहे ते कळून येते. राज्य जेव्हा सहा वर्षांच्या मुलाला आईच्या कुशीतून उचलून वसतिगृहात ठेवते, तेव्हा रात्री कपाळावर हात ठेवण्याचे आईचे कर्तव्यही राज्याने पत्करलेले असते.

दुसरी गोष्ट कागदाची. ज्याला वारंवार दुखते अशा प्रत्येक मुलासाठी डॉक्टरांनी लिहिलेले एक पान शाळेत असावे. दुखू लागल्यास प्रथम काय करावे, कोणते औषध किती द्यावे, किती वेळ वाट पाहावी आणि कोणत्या लक्षणाला एक क्षणही न थांबता रुग्णालय गाठावे, हे त्यावर स्पष्ट मराठीत असावे. सिकलसेलच्या मुलाला १०१ अंशांच्या वर ताप आला, छातीत दुखून धाप लागली, अंगाची एक बाजू लुळी पडली, बोलणे अडखळले, पोट डावीकडे फुगून मूल पांढरेफटक पडले, तर ती घटका वाट पाहण्याची नव्हे. साध्या दुखण्यात भरपूर पाणी, ऊब, विसावा आणि सांगितलेले वेदनाशामक एवढ्याने पुष्कळदा आराम पडतो. बर्फ मात्र लावू नये. थंडीने वाहिन्या आणखी आकसतात. शाळेत दर आठवड्याला दिली जाणारी लोहाची गोळी सिकलसेलच्या रुग्णाला सरसकट देऊ नये, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावी. त्याला नित्य लागते ती फॉलिक अॅसिडची गोळी. एवढे ज्ञान एका पानात मावते.

तिसरी गोष्ट औषधाची. हायड्रॉक्सियुरिया नावाच्या औषधाने दुखण्याचे झटके कमी होतात, हे १९९५ साली मोठ्या प्रयोगातून सिद्ध झाले. ते महागडे नाही. पण ते रोज घ्यावे लागते आणि ठरावीक काळाने रक्त तपासून घ्यावे लागते. वसतिगृहातील मुलाला ते रोज कोण देणार, रक्ततपासणीला कोण नेणार, सुटीत गावी गेल्यावर गोळ्या संपल्या तर त्या कोठून मिळणार, या साध्या प्रश्नांची उत्तरे नसतील तर औषध असून नसल्यासारखेच. आणि झटका तीव्र असेल तर रुग्णालयात मॉर्फिनसारखे औषध द्यावे लागते. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कडक परवान्यांमुळे ते देशभर दुर्मिळ झाले. २०१४ साली कायदा सुधारून मार्ग मोकळा केला गेला. आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ते आहे काय, हे आपण जाऊन विचारले पाहिजे. नसेल, तर ठणकणाऱ्या मुलाला घेऊन सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवरच्या चंद्रपूरचा रस्ता धरावा लागेल.

चौथी गोष्ट नियमांची. वर्गात पाणी पिण्याची आणि विचारल्यावाचून लघवीला जाण्याची मोकळीक, हिवाळ्यात गरम पाणी आणि जादा घोंगडी, कवायतीत दमल्यावर बसण्याची मुभा. यास खर्च जवळजवळ नाही. मूल आठ दिवस रुग्णालयात राहिले तर त्या आठ दिवसांचा अभ्यास त्याच्यापर्यंत पोहोचविणे हे शाळेचे काम मानले जावे, आणि दुखण्याच्या खाड्यांवरून त्याला नापास किंवा कमी करू नये. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी आहे; दुखणाऱ्या मुलाला सोंगाड्या म्हणणे हा छळच होय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झालेला आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेत अशा विद्यार्थ्याला दर तासामागे वीस मिनिटे अधिक मिळतात, एस.टी.चा प्रवासही मोफत आहे. पण याच कायद्याने सरकारी नोकऱ्यांत राखलेल्या जागांच्या यादीत रक्तदोषाचे रुग्ण नाहीत. दुखणे सोसत जो पदवीपर्यंत पोहोचेल त्याच्यासाठी दार तेथे पुन्हा बंद आहे, आणि ही लढाई अजून लढावयाची आहे.

पाचवी गोष्ट नोंदीची, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. सिंदेवाहीचे नाव महाराष्ट्रात भात संशोधन केंद्रामुळे ठाऊक आहे. अशा केंद्रात भाताच्या प्रत्येक वाफ्याची नोंद असते. पेरा केव्हा झाला, पाणी किती मिळाले, कीड कोणती पडली, कणसे किती भरली. त्या नोंदींवर नवा वाण उभा राहतो. धानाच्या रोपाला आपण जो मान देतो तो मुलाला का देऊ नये? प्रत्येक शाळेत दुखण्याची एक वही असावी. कोणाचे, कोणत्या दिवशी, काय दुखले, आधी काय घडले होते, काय दिले, किती तासांत उतरले, शाळेचे किती दिवस बुडाले. वर्षभराने ती वही उघडली की कळेल की थंडीच्या कोणत्या पंधरवड्यात किती मुले पडली, मोहाच्या हंगामात किती पडली, घोंगड्या मिळाल्यावर किती कमी झाली. आज मुलाचे दुखणे ही त्याच्या घरची खासगी आपत्ती आहे. वहीत उतरताच ती सार्वजनिक बाब होते, तिच्यावर प्रश्न विचारता येतो, तिच्यासाठी तरतूद मागता येते. ज्याची नोंद नाही, त्याचा हक्कही नाही, असा सरकारी कारभाराचा रोकडा नियम आहे.

यावर आक्षेप येतील, आणि ते विचारात घेतलेच पाहिजेत. शिक्षक म्हणतील, आमच्या डोक्यावर आधीच जनगणना, निवडणूक आणि खिचडी यांचे ओझे आहे. त्यांचे म्हणणे खरे आहे. म्हणूनच माझी पहिली मागणी परिचारिकेची आहे. शिक्षकाने डॉक्टर व्हावे असे मी म्हणत नाही. त्याने फक्त विश्वास ठेवावा आणि पान वाचून कृती करावी. कोणी म्हणेल, मुले फसवतील. फसवतीलही. एखाद्या मुलावर चुकीने विश्वास ठेवला तर एक तास बुडतो. खऱ्या दुखण्यावर अविश्वास दाखविला तर जीव जाऊ शकतो. शिवाय ज्या मुलाने शंभर वेळा दुखणे सोसले आहे ते रडत नाही, मुकाट्याने भिंतीकडे तोंड करून पडून राहते किंवा सोबत्याशी बोलतही राहते. तेव्हा ‘हसतो आहे म्हणजे दुखत नाही’ हा निष्कर्ष फार घातक होय.

तिसरा धोका आपल्या उत्साहातून येऊ शकतो. लायनस पॉलिंग यांनी १९४९ साली या रोगाचे मूळ रेणूत असल्याचे दाखवून विज्ञानात युग घडविले. त्याच थोर शास्त्रज्ञाने १९६८ साली वाहकांच्या कपाळावर गोंदवून खूण करावी, अशी सूचना केली. अमेरिकेत ब्लॅक पँथर पक्षाने १९७१ पासून वस्त्यावस्त्यांत सिकलसेलची तपासणी चालवून हा उपेक्षित रोग राजकारणाच्या ऐरणीवर आणला आणि १९७२ साली तेथे राष्ट्रीय कायदा झाला. परंतु सक्तीच्या तपासण्या येताच निरोगी वाहकांनाही नोकऱ्यांत आणि विम्यात डावलले जाऊ लागले. आपल्याकडे ही खूण कपाळावर नव्हे, लग्नाच्या बोलणीत लागते. म्हणून दुखण्याची वही परिचारिकेच्या कुलपात राहावी, मुलाचे नाव प्रार्थनेच्या वेळी पुकारले जाऊ नये आणि कार्ड भिंतीवर लावले जाऊ नये. ज्यांना ठाऊक असणे जरुरीचे आहे त्यांनाच, पालकांच्या संमतीने, ठाऊक असावे.

आणि शेवटी पैशाचा आक्षेप. २०२३ साली इंग्लंड आणि अमेरिकेत सिकलसेलवर जनुकांत दुरुस्ती करणारा उपचार मान्य झाला. अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर ठरली. मानवी बुद्धीचा तो विजय आहे, आणि तो कधी तरी आपल्या मुलांपर्यंतही पोहोचावा अशी मागणी आपण केलीच पाहिजे. पण तो येईपर्यंत या वसतिगृहातील मुलीने काय करावे? तिला हवे आहे गरम पाणी, एक घोंगडी, एक गोळी, रात्री जागी असणारी एक परिचारिका आणि ‘तुझे दुखते हे मला पटते’ असे म्हणणारा एक मोठा माणूस. ज्या राज्याला निर्मूलनाचे साल सांगता येते, त्याला एवढा खर्च जड नसावा.

म्हणून या सभेतून उठताना आपण प्रत्येकाने एक काम पत्करावे अशी माझी विनंती आहे. शिक्षकांनी उद्यापासून वही सुरू करावी; शासनाचा आदेश येण्याची वाट पाहू नये. पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढील बैठकीत पाणी, घोंगडी आणि मोकळीक हे विषय लिहून द्यावेत. ग्रामपंचायत सदस्यांनी ग्रामीण रुग्णालयात जाऊन हायड्रॉक्सियुरिया आणि मॉर्फिन यांचा साठा विचारावा व उत्तर लेखी मागावे. कार्यकर्त्यांनी वर्षअखेरीस सर्व शाळांच्या वह्यांतील आकडे, नावे वगळून, एकत्र करावेत आणि परिचारिकेची मागणी घेऊन ते जिल्हा परिषदेपुढे आणि आदिवासी विकास विभागापुढे ठेवावेत. तपासणीने ही मुले आपल्याला सापडली आहेत. सापडलेल्या मुलाकडे पाठ फिरविण्याचा अधिकार आता कोणालाही उरलेला नाही.